नखाएवढ्या कार्डाची खरेदी



या खेपेच्या पत्रांच्या गठ्ठ्यात पापड-कुरडयांच्या चौकशा आहेतच. पण तीन पत्रे अशी निघाली की वाचून हसूही आले आणि काळजीही वाटली. तिन्हींचा विषय एकच, मुलांच्या हातातल्या खेळाच्या यंत्राला लागणारे मेमरी कार्ड. मिरजेच्या एक भगिनी लिहितात, "मुलगा म्हणतो पाच हजारांचं कार्ड हवं. हे म्हणतात, तेवढंच कार्ड साडेतीनशेला मिळतं, पोराला पैशाची किंमत नाही. चार दिवस झाले, बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. मी मध्ये पडू का?"

जरूर पडा. साडी घेताना आपण पदर उलटून पाहतो, गहू घेताना मूठभर तळहातावर घेऊन फुंकर मारतो. मग जी वस्तू नखाएवढी आहे आणि जिचे पैसे मात्र सणाच्या साडीएवढे मोजायचे, ती डोळे मिटून घ्यायची की काय? हे खाते पुरुषांचे आणि पोरांचे, असे म्हणून आपण बाजूला होतो आणि मग असे अबोले निस्तरत बसतो.

आधी यंत्राविषयी दोन शब्द. पूर्वीचा व्हिडिओ गेम टीव्हीला जोडायचा असे. हे तसे नव्हे. हा दोन्ही हातांत धरायचा छोटासा पण पुरता संगणकच आहे. आमच्या घरी जे आहे त्याचे नाव स्टीम डेक. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने ते फेब्रुवारी 2022 मध्ये विक्रीला आणले. न्यू जर्सीच्या वन्संच्या मुलाने नवे घेतले म्हणून त्याचे जुने गेल्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांकडे आले. फुकट आले खरे, पण ते सगळ्यांत स्वस्तातले, 64 जीबीचे. म्हणजे आतले कपाटच लहान. त्यातलाही एक कप्पा यंत्राच्या स्वतःच्या कारभाराला लागतो. उरलेल्या जागेत खेळ किती मावणार?

खेळांचे म्हणाल तर त्यांच्या आकाराला काही धरबंधच नाही. स्टार्ड्यू व्हॅली नावाचा एक शेतीचा खेळ आहे. आजोबांची पडीक शेती नातू पुन्हा उभी करतो, पेरतो, कोंबड्या पाळतो. आमच्या सासूबाईसुद्धा चष्मा लावून बघत बसतात आणि "अरे, पाणी घाल की त्याला" म्हणून मध्येच ओरडतात. या खेळाला जागा लागते जेमतेम 500 एमबी, म्हणजे अर्धा जीबी. उलट एल्डन रिंगला 60 जीबी आणि बाल्डर्स गेट 3 ला तर तब्बल 150 जीबी जागा हवी, असे खेळ विकणारेच सांगतात. (हे दोन्ही खेळ मोठ्या माणसांसाठी आहेत, शाळकरी पोरांसाठी नव्हेत. खेळाच्या पानावर वयाचा आकडा असतो, तो जागेच्या आकड्याआधी वाचावा.) तेव्हा "कार्ड केवढं घ्यायचं?" याचे उत्तर दुकानदाराला विचारू नका. मुलाला कागद-पेन्सिल द्या आणि खरोखर खेळतो त्या खेळांची यादी आकारासकट लिहायला लावा. आमच्याकडे यादी लिहिता लिहिताच 1 टीबीची मागणी 256 जीबीवर आली!

माझे मत विचाराल तर एका शाळकरी मुलाला 256 जीबी पुष्कळ झाले. दोन भावंडांत एक यंत्र असेल तर 512 घ्या, म्हणजे "तू माझा खेळ का पुसलास" ही भांडणे तरी वाचतील. स्टीमवर विकत घेतलेला खेळ मुलाच्या खात्यावर नोंदलेला असतो. जागेसाठी तो काढून टाकला तरी पुन्हा पैसे न भरता उतरवून घेता येतो. इंटरनेट तेवढे खर्ची पडते.

आता कार्ड पाहू. लांबी 15 मिलिमीटर, रुंदी 11 आणि जाडी 1 मिलिमीटर. याला मायक्रोएसडी म्हणतात. एवढ्याशा अंगावर इतकी अक्षरे छापलेली असतात की भिंगच लागावे. पण ती वाचता आली की निम्मे काम झाले.

एसडीएचसी लिहिले असेल तर ते 32 जीबीपर्यंतचे कार्ड. एसडीएक्ससी म्हणजे त्यापुढचे, 2 टीबीपर्यंतचे. आपल्याला दुसरे हवे. शेजारी रोमन एक असा उभा दांडा दिसेल, ती यूएचएस-वन या जातीची खूण. स्टीम डेकची खाच याच जातीची आहे आणि या जातीचा कमाल वेग सेकंदाला 104 एमबी. रोमन दोन असलेले, म्हणजे यूएचएस-टूचे महागडे कार्ड त्यात बसते आणि चालतेही, पण धावते मात्र पहिल्याच्याच चालीने. जास्तीचे पैसे पाण्यात! खोक्यावर ठळक छापलेले 160, 190 असे आकडेही असेच. तो वेग त्या त्या कंपनीचा खास वाचक जोडला तरच मिळतो, खेळाच्या यंत्रात नाही.

इंग्रजी यू या अक्षराच्या पोटात 3 असेल किंवा व्ही 30 लिहिले असेल तर अर्थ एकच. हे कार्ड सेकंदाला निदान 30 एमबी या वेगाने सलग लिहून घेईल. ही खूण मुळात व्हिडिओ चित्रणासाठी ठरवलेली आहे, पण भलामोठा खेळ उतरवतानाही ती उपयोगी पडते. आणि शेवटची खूण ए 1 किंवा ए 2. खेळासाठी खरी पाहायची ती हीच. खेळ चालतो तेव्हा यंत्र कार्डावरचे एक मोठे पुस्तक सलग वाचत नाही. इथले पान, तिथले पान, असे हजार ठिकाणांहून तुकडे उचलते. ए 1 कार्ड सेकंदाला निदान 1500 वेळा असे तुकडे वाचून देते, ए 2 कार्ड 4000 वेळा. मात्र ए 2 चा पुरता लाभ व्हायला यंत्राचीही तशी तयारी असावी लागते. म्हणून ए 2 चे भाव फार चढे असतील तर नावाजलेल्या कंपनीचे ए 1, यू 3 कार्ड बेलाशक घ्या. खेळ उघडायला चार-दोन सेकंद जास्त लागले तर पोरांना तेवढाच धीर धरायची सवय.

घरी आणल्यावर 512 चे कार्ड विंडोजच्या संगणकात घातले की तो 476 च दाखवतो. लगेच दुकानदाराच्या नावाने बोटे मोडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या पटीत. माप वेगळे, माल तेवढाच.

आता मिरजेच्या भगिनींच्या साडेतीनशेच्या कार्डाकडे वळते. ताई, तुमच्या मिस्टरांना जाहिरात दिसली ती खरीच असेल, पण त्यातले कार्ड खरे नसणार. बाजारात खोट्या कार्डांचा सुळसुळाट आहे. 1 टीबीची मायक्रोएसडी कार्डे 2019 मध्ये पहिल्यांदा विक्रीला आली आणि आजही ती काही भाजीच्या भावात मिळत नाहीत. मग 2 टीबीचे कार्ड कुणी काही शेकड्यांत देऊ लागला तर आपण काय समजावे?

यातली लबाडी कशी असते ते ऐका. कार्डाच्या पोटात साठवणीच्या चकतीबरोबर एक चिमुकला कारभारी असतो. "जागा किती?" असे यंत्राने विचारले की हाच उत्तर देतो. लबाड लोक 16 किंवा 32 जीबीच्या कार्डातल्या कारभाऱ्याला खोटे बोलायला शिकवतात. तो खुशाल सांगतो, "512 आहे." संगणकावर आकडाही 512 चाच दिसतो. पहिले दोन-तीन खेळ व्यवस्थित उतरतात. खरी जागा संपली की नवे येते ते जुन्याच्या उरावर लिहिले जाते, नाहीतर कुठेच लिहिले जात नाही, आणि कारभारी मात्र "झालं, झालं" म्हणत राहतो. पंधरा-वीस दिवसांनी खेळ उघडेनासे होतात. तोवर कार्ड परत करायची मुदत उलटून गेलेली असते.

माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंवर नेमका हाच प्रसंग आला. कार्ड ऑनलाइन मागवले होते, वेष्टन असे हुबेहूब की नावे ठेवायला जागा नाही. मुलाने दोनदा सांगितले, "आई, खेळ आपोआप बिघडतोय." घरच्यांना वाटले, नवे कार्ड काढायचा हा बहाणा. बिचाऱ्याचा महिनाभर हातखर्च बंद होता. शेवटी कार्ड तपासले तर ते निघाले 32 जीबीचे. पैसे परत मिळाले नाहीतच. पण बाई मला म्हणाल्या, "पैशाचं जाऊ दे हो, तो महिनाभर खरं सांगत होता."

म्हणून नवे कार्ड आले की त्याच दिवशी तपासा. विंडोजच्या संगणकासाठी एच टू टेस्ट डब्ल्यू नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. लिनक्ससाठी एफ थ्री आहे. दोघांची रीत एकच. कार्ड काठोकाठ भरायचे आणि मग भरलेले सगळे परत वाचून ताडून पाहायचे. डाळीचा डबा खरेच पाच किलोचा आहे का हे डब्यावरच्या चिठ्ठीवरून ठरत नाही, पाच किलो डाळ ओतून ठरते. 256 जीबीच्या कार्डाला यात तीन-साडेतीन तास सहज जातात. सकाळी लावून द्यावे आणि स्वयंपाकाला लागावे. ही तपासणी कोऱ्या कार्डावरच करायची, आणि पार पडली तरी बिल फेकायचे नाही. कंपनीची हमी त्या बिलावरच मिळते.

यानंतर येते फॉरमॅट करणे. हा शब्द ऐकला की पुष्कळजणींच्या पोटात गोळा येतो. मी वर्गात मुलांना सांगते तसेच सांगते. कोरे कार्ड म्हणजे रेघा न मारलेली वही. फॉरमॅट करणे म्हणजे तिच्यावर रेघा आखणे, पानांना आकडे घालणे आणि पुढे अनुक्रमणिकेसाठी जागा सोडणे. शाळेत अक्षर गिरवायला दुरेघी वही लागते, गणिताला चौकटीची. तसेच यंत्रांचे आहे. स्टीम डेकला ईएक्सटी 4 नावाची आखणी लागते. विंडोजवर चालणाऱ्या आसूसच्या आरओजी ॲलायसारख्या यंत्राला एनटीएफएस सोयीची. कॅमेरे नि फोन बहुधा एक्सफॅट किंवा फॅट 32 वापरतात. फॅट 32 ची गोम अशी की तिच्यात 4 जीबीची एक अखंड फाइलसुद्धा मावत नाही, म्हणून मोठ्या खेळांना ती कुचकामी. ही नावे पाठ करायची काही गरज नाही. नियम एवढाच की ज्या यंत्रात कार्ड वापरायचे, त्याच यंत्राकडून ते फॉरमॅट करून घ्यायचे.

पण नव्या रेघा आखताना यंत्र जुने लिहिलेले पुसते. नवे कोरे कार्ड असेल तर प्रश्न नाही. प्रश्न येतो तो घरातले जुने कार्ड वापरायला काढतो तेव्हा, आणि काटकसरी घरात हे होतेच.

आमच्या चिरंजीवांनीही नवे कार्ड यायच्या आधी खणात किल्ल्यांच्या जुडग्याखाली पडलेले एक 32 जीबीचे कार्ड शोधून काढले होते. मामंजींच्या जुन्या फोनमधले. मामंजी 2021 मध्ये गेले, फोन मोडीत निघाला आणि कार्ड तसेच राहिले. यंत्रात घातल्याबरोबर ते म्हणाले, फॉरमॅट करू का? आमच्या घरी एक शिस्त आहे, पुसायचे काहीही असो, पाटीवरचे असले तरी आधी विचारायचे. चिरंजीव विचारायला आले. ह्यांनी कार्ड संगणकाला लावून पाहिले. फोटो फारसे नव्हते, विहिरीचे दोन-तीन आणि एक अंगठ्याचा. पण आवाजाच्या नोंदी निघाल्या. शेवटच्या वर्षांत मामंजींना लिहिलेले नीट दिसत नसे, म्हणून ते घरचा हिशेब फोनमध्ये बोलून ठेवत. "आज दूध दीड लिटर. गवळी उशिरा आला. हिने चार चांगले शब्द ऐकवले त्याला." असल्या दोनशेच्या वर नोंदी! सासूबाई ती अख्खी दुपार संगणकापुढून उठल्या नाहीत. चहा तिथेच दिला.

त्या नोंदी आता संगणकावर आहेत, शिवाय एका पेन ड्राइव्हवर आहेत. कार्ड आम्ही फॉरमॅट केलेच नाही. त्याची आता देवघराच्या खणात वेगळी डबी आहे.

तेव्हा जुने कार्ड हाती आले तर आधी संगणकात उघडून एकेक कप्पा पाहा. हवे ते दोन ठिकाणी उतरवून घ्या आणि उतरवलेले खरोखर उघडते का तेही पाहा. चुकून फॉरमॅट झालेच तर त्या कार्डावर नवे काहीही घालू नका, लगेच बाहेर काढा. पुष्कळदा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पाने तशीच असतात, आणि जाणकार माणूस त्यातून काही परत मिळवू शकतो. मिळेलच अशी खात्री मात्र कुणी देऊ नये आणि आपणही धरू नये.

स्टीम डेकवर प्रत्यक्ष कृती सोपी आहे. यंत्र चार्जरला लावा. कार्ड खालच्या कडेच्या खाचेत टक् आवाज होईपर्यंत बोटाने दाबा. जोर लावावा लागला तर ते उलटे धरले आहे असे समजा. स्टीमचे बटण दाबून सेटिंग्ज उघडा, तिथे स्टोरेजमध्ये कार्ड दिसेल (पूर्वीच्या आवृत्तीत फॉरमॅटचे बटण सिस्टिमखाली होते). फॉरमॅट निवडले की यंत्र एकदा खात्री विचारते आणि मग कामाला लागते. कार्ड खोटे नाही ना, हेही ते जाता जाता पाहते. त्यामुळे थोडा वेळ लागतो, तेवढ्यात कार्ड उपसायचे नाही. पहिल्यांदा जमले नाही तर कार्ड काढून, मऊ कोरड्या फडक्याने सोनेरी पट्ट्या हलकेच पुसून पुन्हा करा. दुसऱ्यांदाही अडले तर दोष कार्डाचा, ते परत करा. काम झाले की त्याच स्टोरेजमध्ये नवे खेळ कार्डावर उतरतील असे ठरवता येते, आणि आतले जुने खेळ कार्डावर हलवताही येतात.

मग एक दिवस कुणीतरी हे कार्ड कौतुकाने विंडोजच्या संगणकात घालणार! विंडोजला ईएक्सटी 4 ची आखणी वाचता येत नाही. त्याला वाटते कार्ड कोरे, आणि तो लगेच म्हणतो, वापरण्याआधी फॉरमॅट करावे लागेल. तिथे 'नाही' म्हणायचे. जळगावच्या भगिनींच्या मुलीचे सगळे खेळ तिच्या काकांच्या एका 'हो'मुळे गेले, असे त्यांच्या पत्रावरून दिसते. खेळ पुन्हा उतरतील. तिने जिथवर मजल मारली होती तिची नोंद बऱ्याच खेळांत स्टीमच्या खात्यावरही राखलेली असते. खेळाच्या पानावर ढगाची खूण आहे का, तेवढे पाहा म्हणावे.

सांभाळायचे म्हणाल तर रिकामी कुंकवाची डबी उत्तम, मात्र धुऊन खडखडीत वाळवलेली. कार्डावर लिहायला जागा नसते, म्हणून डबीवर आकडा घाला. घरात रांगते मूल असेल तर डबी उंचावर हवी, कारण ही वस्तू तोंडात जाण्याएवढीच आहे. यंत्र दुरुस्तीला देताना कार्ड आधी काढून घ्या. कार्ड आत ठेवून मागचे झाकण उघडले की ते मधोमध मोडते. आणि घरातले लग्नाचे, बारशाचे फोटो फक्त एखाद्या कार्डावर ठेवून निश्चिंत राहू नका. कार्डातले लिखाण विजेच्या भारावर टिकते आणि वर्षानुवर्षे नुसते पडून राहिले तर तो भार हळूहळू झिरपून जाऊ शकतो.

तिसरे पत्र फोंड्याचे. त्यांचे भाऊ दुबईहून येताना भाच्यासाठी निन्टेन्डोचे यंत्र आणणार आहेत आणि कार्ड इथेच घेऊन ठेवू का, असे त्या विचारतात. ताई, थांबा. यंत्र जुने स्विच असेल तर वर सांगितलेले साधे कार्ड चालते. पण जून 2025 मध्ये आलेले स्विच 2 असेल तर खेळ साठवायला मायक्रोएसडी एक्सप्रेस या नव्या जातीचेच कार्ड लागते, साध्यावर खेळ उतरतच नाहीत. दिसायला दोन्ही कार्डे जुळ्या बहिणींसारखी असतात. फरक कळतो तो अंगावरच्या ईएक्स या खुणेवरून आणि मागच्या सोनेरी पट्ट्यांच्या दुसऱ्या ओळीवरून. पण यूएचएस-टू कार्डालाही दुसरी ओळ असते, तेव्हा खूण वाचल्याशिवाय घेऊ नका. भाऊरायांना आधी यंत्राचे पूर्ण नाव विचारून घ्या. दुसरे निघाले तर कार्डही तिकडूनच आणायला सांगा आणि निरोप तोंडी देऊ नका, लिहून पाठवा. भाऊ लोक "कार्ड" एवढेच लक्षात ठेवतात.